हाताचे ज्ञान आणि ग्रंथाचे ज्ञान

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



शताब्दीच्या व्यासपीठावरून ग्रंथांचे माहात्म्य सांगितले जावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु ज्या संस्थेने शंभर वर्षे ग्रंथ सांभाळले, तिच्यापुढे ते सांगणे ही पुनरुक्ती ठरेल. म्हणून आज थोडा वेगळा प्रश्न विचारार्थ घेतला आहे. हाताने मिळवलेले ज्ञान आणि ग्रंथातून मिळवलेले ज्ञान यांची आपल्या महाविद्यालयांत ताटातूट झालेली दिसते. ती दूर करण्याच्या कामी पांढुर्णा-सौंसरसारख्या भागात ग्रंथालयाला काही वाटा उचलता येईल काय, हा तो प्रश्न होय.

उच्च शिक्षणाच्या चर्चेत अलीकडे दोन शब्द वारंवार कानी पडतात. पहिला ‘कृतिशील अध्ययन’ आणि दुसरा ‘मेकरस्पेस’. विद्यार्थ्याने वर्गात केवळ श्रोता न राहता प्रश्न सोडवावा, शेजाऱ्याशी वाद घालावा, प्रयोग करावा, चुकावे आणि ती चूक शोधावी, हे झाले कृतिशील अध्ययन. करवत-रंध्यापासून थ्रीडी प्रिंटरपर्यंतची साधने हाताशी असलेली आणि कोणालाही येऊन काही घडवता येईल अशी सामायिक जागा म्हणजे मेकरस्पेस. मराठीत तिला ‘कार्यशाळा’ म्हणता आले असते. पण भाषणे ऐकून प्रमाणपत्रासह परतण्याच्या बैठकीला तो शब्द आपण केव्हाच देऊन टाकला आहे. शब्दाचे हे स्थलांतर पुरेसे बोलके आहे.

कृतिशील अध्ययनाचा आग्रह हा नुसता भावनेचा विषय राहिलेला नाही. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण अमेरिकेतील स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. निव्वळ व्याख्यानावर चालणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर कृतिशील वर्गांत ते २१.८ टक्के आढळले. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ सालचा एक अभ्यास त्याहून मार्मिक आहे. कृतिशील वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले. त्यांना स्वतःला मात्र आपण कमी शिकलो असे वाटले. ओघवते व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा जो आनंद होतो, तो समजल्याचा पुरावा असतोच असे नाही. हे विधान एका व्याख्यानातच करावे लागत आहे, याची जाणीव ठेवून पुढे जाऊ.

कृतीची उणीव यंत्राने भरून निघेल, अशी समजूत मात्र फार जुनी आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह-दूरदर्शन प्रयोगाद्वारे मध्यप्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवरून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी प्रसारित होऊ लागले. आता वर्गावर्गांत संगणकीय फळे आहेत आणि विद्यार्थ्याच्या खिशात जगातील उत्तमोत्तम प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. या साऱ्याचे मोल कमी नाही. तथापि आवाज दुरून आला काय किंवा जवळून, ऐकणाऱ्याचे हात मांडीवरच राहिले. खडू गेला, पडदा आला. विद्यार्थ्याचे आसन तेच राहिले.

हात आणि बुद्धी यांची सांगड घालण्याचे तीन मोठे प्रयत्न या भूमीच्या आसपासच झाले, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. पहिला वर्ध्याचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने ‘नई तालीम’ची आखणी केली. त्या काळी वर्धा, नागपूर, पांढुर्णा आणि सौंसर एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. सूत कातताना गणित, कापूस पिंजताना भूगोल आणि इतिहास, अशा समवायाची ती कल्पना होती. परंतु पुढे अनेक ठिकाणी टकळी उरली आणि तिच्यामागचा प्रश्न हरपला. टकळी फिरते कशी, हे विचारणारा विद्यार्थी नसेल तर कातणे ही निव्वळ हातचलाखीची सवय होते. कृती म्हणजे आपोआप शिक्षण नव्हे, हा वर्ध्याचा धडा.

दुसरा प्रयत्न सातपुड्याच्या पलीकडचा. आज नर्मदापुरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. विच्छेदनासाठी सुईऐवजी बाभळीचा काटा वापरणारा हा कार्यक्रम परीक्षेतही धीट होता: लेखी परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी होती. विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील अध्यापक सुट्ट्यांत येऊन शाळाशिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करीत. उच्च शिक्षण आणि गावची शाळा यांचे असे नाते दुर्मिळ होय. २००२ साली राज्यशासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्टही एका आदेशाने थांबू शकते. म्हणून अशा कामाची मुळे शासकीय यंत्रणेबाहेर, समाजाच्या संस्थांतही रुजली पाहिजेत, हा होशंगाबादचा धडा.

तिसरा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील पाबळचा. हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागात जबाबदारीचे पद भूषवलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे ‘विज्ञान आश्रम’ उभा केला. शेती व पशुपालन, घर व आरोग्य, ऊर्जा व पर्यावरण, आणि यंत्रकाम या चार क्षेत्रांत विद्यार्थी प्रत्यक्ष काम करीत. आणि तेही खोटे-खोटे नव्हे, तर गावकऱ्यांना लागणारे. फाटक बनवायचे तर ते कोणाच्या तरी शेताला बसवायचे. बसले नाही तर पुन्हा घडवायचे. याच पाबळला २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ सुरू झाली. त्या संस्थेबाहेर जगात उभ्या राहिलेल्या पहिल्या फॅब लॅबांत तिची गणना होते. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रमाचे काम चालू राहिले. येथे एक क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी गावाची गरज, मग तिच्यासाठी काम करणारे हात, आणि त्या हातांना वीस वर्षांचा सराव झाल्यावर आधुनिक यंत्र. यंत्र शेवटी आले, म्हणून ते उपयोगी पडले.

आज क्रम बहुधा उलटा असतो. २०१६ पासून केंद्राच्या अटल नवोन्मेष मोहिमेतून शाळांना ‘टिंकरिंग लॅब’साठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाला अनुसरून मध्यप्रदेशाने २०२१-२२ पासून पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य, प्रशिक्षण आणि प्रकल्प यांना स्थान दिले. हेतू स्तुत्य आहे. परंतु खोकी उघडून तयार सुट्या भागांचा रोबो जोडणे आणि मुदत जवळ आली की दुसऱ्याचा प्रकल्प उतरवून काढणे, एवढ्यावरच गाडी थांबली तर टकळीचाच इतिहास पुन्हा घडेल. प्रश्न कोठून आणायचा, ही खरी अडचण आहे. आणि या भागात तर तो दाराशी उभा आहे.

संत्र्याचेच उदाहरण घेऊ. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बागेचे पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. ताण कमी पडला तर फुले विरळ येतात. जास्त झाला तर पाने गळून झाडच खचते. हलक्या जमिनीत थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीत अधिक लागतात. अनुभवी बागाईतदार पानांची मलूलता पाहून आणि मातीचा ढेकूळ मुठीत दाबून अदमास घेतो. आता समजा, महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांनी मातीचा ओलावा मोजणारे काही शे रुपयांचे उपकरण ‘आर्डुइनो’सारख्या लहानशा संगणकीय पाटीला जोडून बागेत पुरले. पडद्यावर आकडे दिसू लागतील. पण तो आकडा म्हणजे ओलावा नव्हे. मातीचा नमुना तोलून, १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवून, पुन्हा तोलून खरा ओलावा काढावा लागेल आणि उपकरणाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा लागेल. खत टाकल्यावर क्षार वाढून आकडा बदलतो, हे कळेल. धातूची पाती काही आठवड्यांत गंजतात, हे कळेल. आणि काळी माती सुकताना भेगाळते, भेगेत उपकरण उघडे पडते, मग ते मातीऐवजी हवेचे मोजमाप देऊ लागते, हेही कळेल.

येथे भौतिकशास्त्र आहे, रसायन आहे, वनस्पतिशास्त्र आहे, सांख्यिकी आहे. त्याहून महत्त्वाचे असे की मुठीत ढेकूळ दाबणाऱ्या म्हाताऱ्याचा अदमास आणि यंत्राचा आकडा यांची गाठ पडते. दोहोंत फरक पडला तर कोण चुकले, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. जेथे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही, तेथेच खरे शिक्षण सुरू होते. असाच प्रश्न तिफणीत आहे. चाड्यावर मूठ धरणारी बाई चालता चालता बी सारखे कसे सोडते, हा कोणत्याही अभियांत्रिकी प्रयोगशाळेला शोभेल असा विषय आहे.

या ठिकाणी भाषेचा प्रश्न उपस्थित होतो आणि तोच या भागाचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. येथील बहुसंख्य मराठी घरांतील विद्यार्थी घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदीतून शिकतो आणि तंत्रविषयांच्या उच्च शिक्षणात इंग्रजीपाशी जाऊन पोहोचतो. भाषा तीन असणे हे दारिद्र्य नव्हे. ती श्रीमंतीच आहे. अडचण अशी की हाताचे ज्ञान पहिल्या भाषेत राहते आणि परीक्षेचे ज्ञान तिसऱ्या भाषेत. वखर, डवरा, ताण, बहार, डोळा बांधणे, डिंक्या या शब्दांत शतकांचे निरीक्षण साठलेले आहे. पण ते शब्द उत्तरपत्रिकेत येत नाहीत. म्हणून मुलाला आपल्या बापाला काही येते, हेच उमगत नाही. घरातील विद्या आणि महाविद्यालयातील विद्या एकमेकींना अनोळखी राहिल्या, तर मुलगा शिकतो तो गाव सोडण्यासाठीच. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे, सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. जाण्याच्या वाटा मुबलक आहेत. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. जिल्ह्याला कचेऱ्या मिळतील. पण येथे राहून करण्याजोगे काम आहे, ही जाणीव कचेरीतून मिळत नाही.

ती देण्याचे सामर्थ्य ग्रंथालयात आहे. मराठी ग्रंथव्यवहाराने हाताच्या ज्ञानाला एके काळी सन्मानाने जागा दिली होती. नागपुरातून निघणारे ‘उद्यम’ मासिक शेती, लघुउद्योग आणि घरगुती कृती यांची माहिती सोप्या मराठीत देत असे. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासून आणि मुंबईची मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत आणत आली. बाहेर पाहिले तर हेलसिंकी शहराच्या ‘ऊदी’ या २०१८ साली उघडलेल्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांच्या जोडीला शिलाई यंत्रे आणि थ्रीडी प्रिंटर नागरिकांसाठी ठेवलेले आहेत. तेवढे द्रव्यबळ येथे नाही; त्याची गरजही नाही.

तीन गोष्टी अल्प खर्चात होण्याजोग्या आहेत. पहिली, वाचनकक्षाच्या एका कोपऱ्यात मजबूत टेबल आणि कुलपाचे कपाट: त्यात नाजूक तराजू, तापमापक, भिंग, मल्टिमीटर, पर्जन्यमापक, पेचकस-पकड. ग्रंथ जसा सही करून नेता येतो, तसेच साधनही नेता यावे आणि त्याच नोंदवहीत त्याची नोंद व्हावी. दुसरी, महिन्यातून एकदा कलमाचा डोळा बांधणारा, तिफण घडवणारा सुतार, वेल्डिंग करणारा कारागीर यांना निमंत्रण. भाषणासाठी नव्हे, विद्यार्थ्यांसमोर आणि विद्यार्थ्यांसह काम करण्यासाठी, आणि तेही मानधन देऊन. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने केलेल्या प्रकल्पाची एक प्रत, त्यातील फसलेल्या प्रयत्नांसह, मराठीत किंवा हिंदीत लिहून ग्रंथालयात जमा व्हावी आणि तिला रीतसर दाखलअंक मिळावा. यंदाच्या विद्यार्थ्यांचे उपकरण काळ्या मातीच्या भेगेत का फसले, हे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी वाचले, तर ते तेथून पुढे जातील. अन्यथा दर वर्षी प्रत्येक जण पहिल्याच पायरीवर उभा राहील.

यंत्रे जुनी होतात. आजचा थ्रीडी प्रिंटर दहा वर्षांत अडगळीत जाईल. नोंद टिकते. नोंद टिकवणे हे काम शंभर वर्षे कोणी केले असेल, तर ते ग्रंथालयाने. आजवर दुसऱ्यांनी लिहिलेले ज्ञान येथील वाचकांपर्यंत पोहोचवणे हे या संस्थेचे व्रत होते. दुसऱ्या शतकात येथील हातांनी मिळवलेले ज्ञान लिहून घेणे, हेही त्या व्रताचे अंग व्हावे. त्यासाठी लागणारी पहिली वही फार महाग नाही. ती या वर्षीच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात धरावी, एवढीच सभासद आणि आश्रयदाते यांना विनंती.