दोन बोटांचे अंतर

एखाद्या नावाड्याला त्याच्या नावेचे यंत्र किती अश्वशक्तीचे, असे विचारावे, तर तो तत्काळ उत्तर देतो, किमतीसकट देतो. तेच यंत्र मागच्या फळीवर किती उंच बसवले आहे, असे विचारले, तर मात्र जरा चमकून पाहतो आणि म्हणतो, ‘बसवायचे तसे बसवले आहे.’ आज मला बोलायचे आहे ते या ‘तसे’विषयी. दोन बोटांच्या फरकाने माणसांनी भरलेली नाव कशी हाताबाहेर जाते, हे मी त्या नावेत बसून पाहिले आहे.

नावेला बाहेरून अडकवायचे हे यंत्र काही कालचे नव्हे. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत मिलवॉकी शहरी स्थायिक झालेला ओले एव्हिन्रूड याने १९०९ साली दीड अश्वशक्तीचे असे यंत्र तयार करून ते बाजारात रूढ केले. सपाट तळाची नाव त्याहून कितीतरी जुनी. तिला डौल नाही, लाटा कापण्याची ऐट नाही; पण वीतभर पाण्यातून ती चालते, काठाला सरळ टेकते, आणि साधा सुतारही ती बांधू शकतो. नदी, खाडी आणि धरणाचा फुगवटा हे तिचे राज्य. या गरीब नावेला यंत्र जोडले की काही अडचणी उभ्या राहतात, आणि त्यांतली पहिली उंचीची.

यंत्राचा जो लांब पाय पाण्यात उतरतो, त्याच्या शेवटी पंखा असतो. पंख्याच्या थोडे वर, पायालाच, तळहाताएवढी एक आडवी धातूची पट्टी असते. पुष्कळांना ती शोभेची वाटते. वास्तविक सगळा हिशेब तिच्यावरच अवलंबून आहे. पंखा वेगाने फिरू लागला की आपल्या मागेपुढे ओढ निर्माण करतो, आणि पृष्ठभाग जवळ असेल तर वरची हवा खाली खेचू पाहतो. ही पट्टी त्या हवेची वाट अडवते. हवा एकदा पंख्यात शिरली की त्याच्या पात्यांना रेटायला पाणी उरत नाही. यंत्र किंचाळू लागते आणि नाव जागीच राहते. या पट्टीला इंग्रजीत रूढ झालेले नाव मात्र भलत्याच रोगाचे आहे. त्या रोगात पाण्यावरचा दाब इतका घटतो की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे उठतात आणि ते फुटताना पात्यांचा धातू कुरतडतात. चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या जलद नौकेला १८९०च्या दशकात या विकाराने बराच काळ दमवले होते. आपल्या लहान नावेचे दुखणे बहुधा इतके थोर नसते. ते वरून शिरलेल्या साध्या हवेचे असते.

आता सपाट तळाचे वैशिष्ट्य पाहा. निमुळत्या तळाच्या नावेत मधला कणा सर्वांत खोल असतो, आणि त्याच्या मागे पंख्याला हक्काची खोली मिळते. सपाट तळाखालून पाणी एका थराने मागे येते, मागच्या फळीची कड सोडते आणि थोडे अंतर गेल्यावर वर उसळते. म्हणून पट्टी तळाच्या पातळीत, एका सरळ रेषेत यावी, ही येथे सुरुवात धरायची. यंत्र फळीपासून जितके मागे नेले असेल, तितके ते किंचित वर घेता येते, कारण तेथे पाणीच वर आलेले असते. काही सुतार तळाला मधोमध लाकडी पट्टी ठोकतात, नाव सरळ चालावी म्हणून. हेतू चांगला, परंतु ती पट्टी अगदी मागच्या कडेपर्यंत नेली तर तिच्यामागे फेसाळ पाण्याची रेघ उठते आणि ती नेमकी पंख्याच्या तोंडी जाते. मग दोष यंत्राला दिला जातो.

यंत्र फार खाली बसले तर नाव चालते, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे झाकून राहतो. पाय पाण्यात ओरबाडत जातो, इंधन जास्त लागते, सुकाणूची मूठ जड होते, पायावर आदळलेले पाणी कारंज्यासारखे उडून मागच्या माणसाला भिजवते. उथळ पात्रात पंखा खडकाला लागतो तो निराळाच. या यंत्रांचे पाय साधारणतः पंधरा आणि वीस इंच अशा मापांत येतात. पंधरा इंची फळीच्या नावेवर वीस इंची यंत्र चढवलेले मी अनेकदा पाहिले आहे. ‘स्वस्तात मिळाले’ हे त्याचे कारण. ते पाच इंच जन्मभर पाणी फाडत राहतात.

फार वर बसवण्याची फळे मात्र तत्काळ मिळतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या एका गावात मी नातलगांकडे अडकलो होतो. मासेमारी करणाऱ्या एका गृहस्थांनी आपली सपाट नाव काढली. त्यांना सारे गाव तात्या म्हणे. मदतीला म्हणून मी बसलो. यंत्रविद्या शिकवण्यात माझे आयुष्य गेले, एवढाच माझा अधिकार. एका घराच्या माळवदावरून सात माणसे घेतली. घाबरलेली माणसे पुढेच दाटीवाटीने बसली. नावेचे नाक दबले आणि मागची बाजू उचलली गेली. रस्त्याच्या कोपऱ्यावर ओढ आडवी होती. तात्यांनी मूठ पिळून नाव वळवली, आणि यंत्र एकाएकी किंचाळले. नाव चालेना; आडवी होऊन विजेच्या खांबांकडे वाहू लागली. तात्या अधिकच वेग देत होते. मी ओरडलो, ‘तात्या, वेग सोडा! दोघे मागे या!’ वेग उतरला, पंख्याला पुन्हा पाणी सापडले, आणि खांब हातभर अंतरावर असताना नाव सरळ झाली. एक म्हातारी सर्व वेळ कोंबडी पोटाशी धरून बसली होती; तिने काय झाले ते विचारलेही नाही.

संध्याकाळी देवळाच्या पायरीवर नाव ओढून पाहिली. फळीच्या माथ्यावर दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा होता. उन्हाळ्यात नदी आटते, पंखा दगडांवर आपटतो, म्हणून तात्यांनीच तो घातला होता, आणि त्या उथळ पाण्यात, एकट्या माणसाच्या नावेला तो योग्यच होता. पूर आला तेव्हा त्याची आठवण कोणाला राहणार? शिवाय ठोकळा नुसता ठेवलेला होता. यंत्राच्या पकडीचे स्क्रू मूळ फळीऐवजी अर्धेअधिक त्या ठोकळ्यालाच धरून होते. ठोकळा निसटला असता, तर यंत्रच पाण्यात गेले असते.

उंची ठरवण्याची रीत अवघड नाही. नाव जमिनीवर पाणसळीने सारखी ठेवावी, यंत्र उभे करावे. एक सरळ रीप तळाला धरून मागे काढावी, आणि यंत्राची आडवी पट्टी रिपेच्या वर आहे की खाली, हे पाहावे. पुढचे काम पाण्यात. नेहमीची माणसे, नेहमीचे ओझे घेऊन शांत पाण्यात नाव चालवावी, दोन्ही बाजूंना वळवावी. वळणावर सपाट नाव आडवी घसरते आणि पंखा उघडा पडतो. परीक्षा खरी तेथेच. सरळ चालताना सुरळीत आणि वळणावर किंकाळी, तर यंत्र खाली घ्या. कोठेच तक्रार नसेल, तर अर्धा इंच वर चढवून पुन्हा पाहा. एकदम दोन इंच नको. यंत्रातून बाहेर पडणारी गार पाण्याची बारीक धार डोळ्यांआड होऊ देऊ नका. यंत्र वर गेले की थंडाव्याचे पाणी शोषणारी छिद्रेही वर जातात, आणि पाण्याऐवजी हवा ओढली तर रबरी पंप थोड्याच वेळात जळतो. ठोकळा घालायचा तर तो फळीला बोल्टने आरपार आवळावा. यंत्राला एक मजबूत दोर नावेशी बांधलेला असावा, आणि यंत्र बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. आपल्याकडे ही दोरी बहुधा पेटीतच राहते.

पुढेमागे कलण्याचा कोन हा वेगळा विषय आहे. तो खिळ्याच्या भोकांनी बदलतो, आणि उंचीची चूक कोनाने भागवू पाहणारे पुष्कळ असतात. थोडा वेळ भागतेही.

त्या रात्री विजेरीच्या प्रकाशात आम्ही ठोकळा काढला, रीप लावून पाहिली, पकड मूळ फळीवर घट्ट केली. पहाटे तात्या पुन्हा निघाले. या खेपेला माणसांना कोठे बसायचे ते आधी सांगून. ठोकळा मात्र त्यांनी फेकला नाही. त्याला भोक पाडून तो सुतळीने घराच्या आढ्याला टांगला, आणि वर खडूने लिहिले, ‘उन्हाळा’.