फुजी पर्वताची चढण आणि आपली शिखरे

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



उंच शिखर हे कोणा एकाचे नसते, ते सर्वांचे असते. परंतु जे सर्वांचे असते त्याची निगा कोणी राखावयाची, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. जपानमधील सर्वोच्च पर्वत फुजी याच्या वाटेवर या प्रश्नाचा निकाल लावण्याचा जो प्रयत्न झाला, तो आपणांपुढे मांडावा, असा माझा आजचा हेतू आहे.

पर्वत आणि त्याची वाट

फुजीची उंची ३,७७६ मीटर आहे. यामानाशी आणि शिझुओका या दोन प्रांतांच्या सीमेवर उभा असलेला हा पर्वत ज्वालामुखी असून त्याचा शेवटचा उद्रेक १७०७ मध्ये झाला. शिखराकडे जाणाऱ्या प्रमुख वाटा चार. प्रत्येक वाटेची विभागणी दहा टप्प्यांत केलेली आहे. १९६४ मध्ये यामानाशीच्या बाजूने पाचव्या टप्प्यापर्यंत मोटाररस्ता झाला आणि सुमारे २,३०० मीटर उंचीपर्यंत वाहनाने जाणे सुलभ झाले. तेथून पुढे शिखर गाठण्यास सर्वसाधारण माणसाला पाच ते सात तास लागतात.

या चढाईसाठी दोर वा कुऱ्हाड लागत नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत धडधाकट माणूस ती करू शकतो. जुलैच्या आरंभापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच वाटा खुल्या असतात. यात्री दुपारी निघतात, सातव्या वा आठव्या टप्प्यावरील धर्मशाळावजा निवाऱ्यात काही तास पाठ टेकतात आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा चालू लागून सूर्योदयाला शिखर गाठतात. तथापि सोपी वाट ही निर्धोक असतेच असे नाही. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढाच असतो. घाईने चढणाऱ्यास डोकेदुखी आणि मळमळ गाठते. ऐन उन्हाळ्यातही पहाटे पारा शून्याजवळ येतो आणि वारा माणसाला उभे राहू देत नाही.

वर्गणीची यात्रा

फुजी हे श्रद्धास्थान आहे. एदो काळात, म्हणजे आजच्या टोकियोला एदो म्हणत त्या काळात, तेथील सामान्य लोकांनी ‘फुजी-को’ नावाची भक्तमंडळे स्थापन केली. प्रत्येकाला यात्रेचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून सभासदांनी वर्गणी जमा करावी, चिठ्ठ्या टाकून काही जणांची निवड करावी आणि निवडलेल्यांनी सर्वांच्या वतीने शिखरदर्शन घेऊन यावे, अशी रीत पडली. पायथ्याच्या गावांतील ‘ओशी’ नावाचे पुरोहित त्यांच्या राहण्या-जेवणाची व मार्गदर्शनाची व्यवस्था पाहत. ज्यांना जाता येत नसे त्यांच्यासाठी वस्तीतच फुजीचे दगड आणून छोट्या टेकड्या रचल्या जात. आपल्याकडील भिशी आणि दिंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

या परंपरेला एक उणी बाजूही होती. स्त्रियांना शिखरावर जाण्यास मनाई होती. १८३२ मध्ये ताकायामा तात्सु या स्त्रीने पुरुषाचा वेश घेऊन शिखर गाठले. ही मनाई मात्र १८७२ मध्ये उठली. पर्वत सर्वांचा आहे असे म्हणताना ‘सर्व’ या शब्दात कोण येते, हे तपासून पाहिले पाहिजे, हा धडा येथे मिळतो.

गर्दीचा भार

मोटाररस्ता आला आणि यात्रेकरूंबरोबर सहलीला येणारेही वाढले. वाटेवर केरकचरा साचू लागला. निवाऱ्यांच्या संडासांतील मैला हंगाम संपल्यावर उतारावर सोडून देण्यात येई, आणि कागदांचे पांढरे पट्टे डोंगरावर उमटत. १९९० च्या दशकात फुजीची जागतिक नैसर्गिक वारसा म्हणून नोंद व्हावी अशी मोहीम झाली, परंतु ती फळास आली नाही. ही अस्वच्छता त्यामागील एक प्रमुख कारण मानली गेली.

येथे पाण्याची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फुजीचा खडक सच्छिद्र आहे. पाऊस आणि वितळलेले बर्फ जमिनीत मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने वर येते. याचा अर्थ असा की, वर घाण करणारा पाहुणा घरी निघून जातो, त्याचे परिणाम मात्र खाली राहणाऱ्या गावकऱ्याच्या पाण्यापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो.

पुढे शासन व निवारेवाले यांनी मिळून मैल्यावर जागीच प्रक्रिया करणारे संडास बसविले आणि वापरणाऱ्याकडून थोडे पैसे घेण्यास आरंभ केला. वाटेवर कचरापेट्या ठेवल्या जात नाहीत. आपला कचरा आपणच खाली न्यावयाचा, हा नियम. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे सफाई केली. अखेर २०१३ मध्ये फुजीची जागतिक वारसा यादीत नोंद झाली, ती सांस्कृतिक वारसा म्हणून.

ऐच्छिक देणगीकडून सक्तीच्या शुल्काकडे

२०१४ पासून प्रत्येक यात्रेकरूकडून १,००० येन ऐच्छिक देणगी घेण्याची पद्धत सुरू झाली. पण सर्वांनी ती दिली नाही. केवळ सद्भावनेवर सोडलेला भार सज्जनांच्याच खांद्यावर पडतो. रात्रभर न थांबता एका दमात चढून जाणाऱ्या अननुभवी लोकांची संख्याही चिंतेचा विषय झाली. त्यांच्या सुटकेसाठी जीव धोक्यात घालणारे लोक पुन्हा स्थानिकच.

२०२४ मध्ये यामानाशी प्रांताने आपल्या वाटेवर फाटक उभारले, २,००० येन शुल्क सक्तीचे केले आणि दिवसाला ४,००० यात्रेकरूंची मर्यादा घातली. दुपारी चार ते पहाटे तीनपर्यंत फाटक बंद; केवळ निवाऱ्यात जागा राखून ठेवलेल्यांना त्यातून सूट. २०२५ मध्ये चारही वाटांवर ४,००० येन शुल्क लागू झाले आणि फाटक दुपारी दोनलाच बंद होऊ लागले.

देवाच्या दारी शुल्क कसले, आणि गरिबाने काय करावे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु शुल्क नसते तेव्हा खर्च नाहीसा होत नाही. तो पायथ्याचे गाव मुकाट्याने भरत असते. खरा प्रश्न असा की, जमलेला पैसा कोठे गेला हे दिसते काय, आणि ज्याला देणे शक्य नाही त्याच्यासाठी फुजी-कोसारखी सोय आहे काय?

आपल्यासाठी बोध

अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. तेथे नवरात्रात भाविक येतात आणि पावसाळ्यात सहलीचे जथे. आपल्या इतर अनेक गडांची व शिखरांची कथा याहून वेगळी नाही. फुजीचे आकडे आपणांस जसेच्या तसे लागू होणार नाहीत. क्रम मात्र घेता येईल. प्रथम, वर किती माणसे जातात याची मोजदाद गावाने ठेवावी. दुसरे, पायथ्याशी शौचालय व पाणी यांची सोय गर्दी येण्यापूर्वी करावी. तिसरे, दाट धुके वा मुसळधार पाऊस असता वाट कोणी बंद करावयाची, हे आधी ठरवून ठेवावे. चौथे, कोणतीही वर्गणी वा शुल्क घेतल्यास त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. आणि पाचवे, गुरुजनांनी शाळेची सहल नेताना नेलेला प्रत्येक कागद परत आणण्याची सवय मुलांना लावावी.

शिखर गाठणाऱ्याचा आनंद काही घटकांचा असतो. पायथ्याच्या गावाला मात्र त्या डोंगराबरोबर पिढ्यान्‌पिढ्या नांदावयाचे असते. म्हणून डोंगराविषयीचा पहिला शब्द त्या गावाचा असावा, आणि तो शब्द उच्चारण्याची जबाबदारी आपणां पंचायत सदस्यांची आहे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.