वकील ‘नाही’ म्हणतो तेव्हा

(सिंदेवाही येथे झालेल्या युवा मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



रोवणीचे दिवस असूनही तुम्ही इतके जण आलात, याचा आनंद आहे. मला विषय दिला आहे ‘तरुण आणि कायदा’. एवढ्या मोठ्या विषयावर मी बोलणार नाही. मला नेहमी विचारला जाणारा एकच प्रश्न घेते. ‘मॅडम, एवढा मोठा नेता तुमच्याकडे केस घेऊन आला आणि तुम्ही नाही म्हणालात? फी बुडाली ना!’

बुडाली. पण वकील नाही का म्हणतो हे समजून घेणं तुमच्या कामाचं आहे, कारण पोलीस स्टेशनच्या बाकावर मोठे नेते क्वचितच बसतात. तिथे तुमच्यासारखी मुलं बसतात.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. तिच्यात जिन्नांचं नाव येणार आहे. काहींनी मान वर केलेली मला दिसली. फाळणीचे जिन्ना हा वेगळा विषय, त्यावर इथे बोलायचं नाही. मी १९०८ मधल्या जिन्नांबद्दल बोलते आहे. वय ३१, मुंबई हायकोर्टातले बॅरिस्टर, काँग्रेसमधल्या मवाळांच्या गोटातले. आणि अशील कोण? लोकमान्य टिळक.

जून १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांना अटक झाली. कलमं १२४-अ आणि १५३-अ. दुसरं कलम तुमच्या ओळखीचं आहे, त्याच्याकडे परत येऊ. जामिनाचा अर्ज जिन्नांनी चालवला. समोर न्यायमूर्ती दावर. आता गंमत बघा. १८९७ मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील हेच दावर होते! त्या वेळी जामीन दिला होता न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी. इतर न्यायमूर्तींनी आधी नाकारलेला जामीन त्यांनी दिला. अकरा वर्षांनी दावर स्वतः न्यायासनावर बसले आणि त्यांनी जामीन नाकारला. खुर्ची बदलली की माणसाला कायदा वेगळा दिसू लागतो, हे काही आजचं नाही.

मुख्य खटल्यात मात्र जिन्ना उभे राहिले नाहीत. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, सगळे दिवस मिळून तब्बल २१ तास. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. पुढे मंडाले.

जिन्ना का उभे राहिले नाहीत? टिळकांच्या निधनानंतर त्यांनी एक आठवण लिहिली आहे, तिच्यात हे येतं. टिळकांना सुटण्यापेक्षा सरकारला आणि अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रांना जगासमोर उघडं पाडायचं होतं. जिन्नांचं म्हणणं असं की, वकील म्हणून तुमच्या बचावासाठी मला जे सर्वांत चांगलं वाटतं, तेच मी मांडेन, दुसरी कुठलीही वाट धरणार नाही. दोघांत गंभीर मतभेद झाले.

यात चूक कोणाची? माझं मत सांगते, कोणाचीच नाही. टिळक साधे अशील नव्हते. स्वतः एलएल. बी., पुण्यात कायद्याचे वर्ग चालवलेले. कोर्टाचं व्यासपीठ करायचं असेल तर त्याची किंमत काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि ती किंमत ते स्वतः मोजणार होते. तो त्यांचा हक्क. आणि ‘हे माझ्या तोंडून होणार नाही’ असं सांगणं हा वकिलाचा हक्क.

या मतभेदातून वैर झालं नाही. १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूलच्या भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा २० हजारांचा जातमुचलका मागितला, वर दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. टिळकांनी वकील कोणाला केलं? जिन्नांनाच. या वेळी कायद्याच्या मुद्द्यांवरच लढायचं ठरलं. भाषणातली सुटी वाक्यं उचलू नका, सगळं भाषण वाचून त्याचा एकूण परिणाम बघा, हा मुद्दा हायकोर्टात चालला. नोव्हेंबर १९१६ मध्ये न्यायमूर्ती बॅचलर आणि शाह यांनी तो हुकूम रद्द केला. त्याच डिसेंबरात लखनौ करार झाला आणि त्यात हे दोघेही होते.

जातमुचलका म्हटल्यावर मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बरोबर आहे. सण आला, निवडणूक आली की तुम्हाला तहसीलमध्ये बोलावून जो बाँड लिहून घेतात, तो याच घराण्यातला. टिळकांना लागलं ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०८. तुमच्या ओळखीची १०७ आणि ११० ही त्याची भावंडं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, आकडे बदलले. १०७ चं झालं १२६ आणि ११० चं १२९. १५३-अ आता भारतीय न्याय संहितेत १९६ झालं आहे. बायकोने नाव बदललं तरी सासू तीच, तसं आहे हे.

आता माझ्याकडे आलेल्या नेत्याबद्दल. नाव, पक्ष, वर्ष काहीच सांगणार नाही. तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा, बारावी झालेला, राईस मिलवर हमाली करणारा. मोबाईलवर आलेली एक पोस्ट त्याने पुढे पाठवली. १९६ लागलं, अटक झाली. तिसऱ्या दिवशी साहेब चार गाड्या घेऊन माझ्या ऑफिसला आले. ऑफिस म्हणजे शटरवाली एक खोली, सगळे आत मावलेसुद्धा नाहीत. फीची चिंता करू नका म्हणाले. फक्त जामिनाचा अर्ज आठवडाभर थांबवा. आधी मोर्चा होऊ द्या, मी स्टेजवरून मुलाच्या बापाचा सत्कार करणार आहे. आणि अर्जात अमुक मंत्र्याचं नाव आलंच पाहिजे.

मी विचारलं, ‘साहेब, अशील कोण? तुम्ही की तो पोरगा?’

‘मॅडम, पैसे मी देतोय.’

पैसे कोणीही देऊ शकतो. काका देतात, मशिदीची कमिटी देते, मित्र वर्गणी काढतात. त्यात गैर काही नाही. पण वकीलपत्रावर ज्याची सही, तो अशील. आठवडाभर चंद्रपूरच्या जेलमध्ये राहणार होता तो, साहेब नव्हेत. टिळकांनी स्वतःची मान पुढे केली होती. इथे दुसऱ्याच्या पोराची मान पुढे केली जात होती. माझ्या लेखी सगळा फरक एवढाच. मी साहेबांना नाही म्हटलं.

दोन दिवसांनी मुलाचे अब्बा एसटीने आले. वकीलपत्रावर मुलाची सही जेलमधून जेलरमार्फत आणली. शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी असलेल्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यायची असते, ती न देताच अटक का केली, एवढाच मुद्दा मांडला. अर्नेशकुमारचा २०१४ चा निकाल त्यावरच आहे. कोणाही मंत्र्याचं नाव घेतलं नाही. जामीन झाला. फी हप्त्याने मिळाली, शेवटचा हप्ता धान विकल्यावर.

साहेबांनी गावभर सांगितलं, बाई घाबरली. सांगू देत.

पण प्रत्येक ‘नाही’ असा स्वच्छ नसतो, हेही सांगितलं पाहिजे. बार कौन्सिलचा नियम असा की आपल्या लायकीला साजेशी फी मिळत असेल तर वकिलाने आलेलं काम घ्यावं, नाकारायला विशेष कारण हवं. आरोपी दोषी आहे असं मनातून वाटलं तरी त्याचा बचाव करायचा. त्याच नियमांत हेही आहे की वकील म्हणजे अशिलाचं नुसतं तोंड नव्हे, आणि गैरमार्गाचा आग्रह धरणाऱ्या अशिलाचं काम त्याने सोडावं. म्हणजे माणूस बदनाम आहे, समाज काय म्हणेल, म्हणून नाही म्हणायचं नसतं. २००९ मध्ये कसाबसाठी कोर्टाने अंजली वाघमारेंची नेमणूक केली, तर त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. ठिकठिकाणच्या वकील संघांनी ‘अमक्याची केस कोणी घ्यायची नाही’ असे ठराव केले. २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या निकालात सुप्रीम कोर्टाने असे ठराव बेकायदेशीर ठरवले. आणि त्याच वर्षी, ११ फेब्रुवारीला, कुर्ल्यात ॲड. शाहिद आझमींना त्यांच्या ऑफिसात गोळ्या घातल्या गेल्या. ते २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारींचा बचाव करत होते. अन्सारी पुढे निर्दोष सुटले, सुप्रीम कोर्टापर्यंत. वकिलाने ‘हो’ म्हणण्याची किंमत अशीही असते.

बड्यांना मिळणारा नकार बहुतेक वेळा वेगळ्या कारणाचा असतो. २०१७ मध्ये अमेरिकेत ट्रम्प राष्ट्राध्यक्ष असताना मुलर यांची चौकशी सुरू झाली, तेव्हा नामांकित वकिलांनी त्यांचं काम नाकारल्याच्या बातम्या आल्या होत्या. कारणांत एक हेही सांगितलं जात होतं की हे गृहस्थ ऐकत नाहीत आणि फीचा भरवसा नाही. वाचून मला हसू आलं. आमच्या बाररूममध्ये चहावर हेच बोलणं चालतं. सकाळी वकिलाने ‘गप्प बसा’ सांगायचं आणि संध्याकाळी साहेबांनी पत्रकार परिषद घ्यायची. मग कोर्टात त्याच वाक्याचा खुलासा आम्ही करायचा.

तुमच्यासाठी यात काय आहे? उद्या तुमच्यावर किंवा भावावर वेळ आली आणि कोणी भाऊ, कोणी साहेब वकील घेऊन दारात आला, तर मदत जरूर घ्या. पण त्या वकिलाला बाजूला घेऊन, साहेब नसताना, विचारा, ‘जामिनाचा अर्ज कधी टाकणार?’ तो साहेबांकडे बघायला लागला तर समजून जा. वकील करायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करता येतो, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही नाही. वकीलपत्र कोरं असेल तर सही करू नका. आणि कोर्टाला व्यासपीठ करायचंच असेल, स्वतःच्या हिमतीवर, तर तेही करा. पण आधी वकिलाला तसं स्पष्ट सांगा. तो नाही म्हणाला तर रागावू नका, टिळकही रागावले नव्हते.

आता जेवणाची वेळ झाली आहे. ज्यांना १२६ च्या नोटिसा आल्या आहेत त्यांनी जेवण झाल्यावर मागच्या खोलीत या. मूळ नोटीस स्वतःजवळ ठेवा, मला झेरॉक्स द्या. तारीख उद्याची असेल तर आधी या.