पिशवीसाठी वीण निवडताना

(विणकाम वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



मी काही वक्ती नाही. चाळीस वर्षे हातात सुया आहेत, तेवढ्या अनुभवावर आपणापुढे उभी आहे. ताई म्हणाल्या, "मुलींना टाके येऊ लागले, पण खांद्यावरच्या पिशवीसाठी नमुना कोणता घ्यावा, येथे त्या अडतात. त्यावर दोन शब्द बोला." आज तेवढेच बोलणार आहे.

विषय लहान वाटेल, पण तो पोटाशी जोडलेला आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. हाताने केलेल्या पिशवीला त्यामुळे गिऱ्हाईक आहे. परंतु गिऱ्हाईक एकदा कौतुकाने घेते, दुसऱ्यांदा पिशवी टिकली तरच घेते.

प्रथम माझीच फजिती सांगते. मी आणि माझ्या जाऊबाईंनी बारा पिशव्यांची मागणी घेतली. स्वेटरच्या पुस्तकातील पानाच्या जाळीचा नमुना निवडला आणि ॲक्रिलिकच्या लोकरीत विणला. खुंटीला टांगलेल्या पिशव्या पाहून सर्वांनी वाहवा केली. आठ दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. दोन किलो बटाटे घालताच पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबे. किल्ल्या आणि पेन जाळीतून बाहेर पडत. पट्ट्याची तर दोरीच झाली. बारांपैकी नऊ पिशव्या परत आल्या. जाऊबाईंनी मुलाच्या परीक्षा फीसाठी ठेवलेले पैसे लोकरीत घातले होते. ती फी उसनवारी करून भरावी लागली. पिशव्या उसवून आम्ही मुलांचे स्वेटर केले, म्हणून लोकर तरी कामी आली. मेहनत मात्र वाया गेली.

आम्ही विणण्यात चुकलो नव्हतो, निवडण्यात चुकलो होतो. स्वेटर अंगाच्या आधाराने राहतो. पिशवी हवेत लोंबते आणि वर ओझे वाहते. वीण म्हणजे धाग्याचे एकात एक अडकलेले फास. ओझे पडले की प्रत्येक फास ताणतो. म्हणून नमुना पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा की, या पिशवीत काय जाणार? वह्या-पुस्तके, भाजी, की नुसता रुमाल आणि पाकीट?

आता विणींचे गुण-दोष पाहू. एक ओळ सुलट व एक ओळ उलट या साध्या विणीच्या कडा गुंडाळतात; तिला काठ आणि अस्तर हवेच. सर्व ओळी सुलट विणल्यास कापड सपाट राहते, पण उभे फार ताणते. असा नमुना पिशवीसाठी घ्यावयाचा तर पिशवी आडवी विणावी, म्हणजे ओळी उभ्या येतात आणि लांबी कमी ताणते. दोन सुलट, दोन उलट ही वीण रुंदीत पसरते; ती फक्त तोंडाच्या पट्टीला ठेवावी. नवशिक्या मुलींनी दाण्याची वीण घ्यावी: टाके विषम संख्येत घालावेत आणि प्रत्येक ओळ एक सुलट, एक उलट करीत सुलटानेच संपवावी. कापड दोन्ही बाजूंनी सारखे, सपाट व घट्ट होते. एक टाका विणावयाचा आणि दुसरा, धागा पुढे घेऊन, न विणता सरकवावयाचा, पुढील ओळीत हीच अदलाबदल करावयाची, ही वीण हातमागाच्या कापडासारखी दिसते. पुस्तकांच्या पिशवीला ती उत्तम. मात्र वेळ आणि धागा जास्त लागतो. जाळी आवडत असेल तर आतून अस्तर लावूनच करावी.

धागा सुती घ्यावा. तो भिजला तरी कमजोर होत नाही आणि धुण्यास सोपा. सुई बारीक घ्यावी. आपल्याकडील जुन्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे सव्वातीन मि.मी. ज्या धाग्याचा स्वेटर ८ नंबरवर करता, त्याची पिशवी १० नंबरवर करा.

नमुना आवडला तरी लगेच पिशवी सुरू करू नका. पंधरा सें.मी.चा तुकडा विणा आणि मधले दहा सें.मी. मोजा. त्यात २० टाके बसले, तर ३५ सें.मी. रुंदीला ७० टाके लागतात. दाण्याच्या विणीसाठी ७१ घ्या. मग त्या तुकड्याला पाव किलोचे वजन बांधून रात्रभर टांगा. सकाळी १० चे १२ सें.मी. झाले असतील, तर तुमची ४० सें.मी.ची पिशवी ४८ची होईल, असे समजा आणि नमुना बदला. पट्टा विणलेला असला तरी आतून नवारीची पट्टी शिवा. ती पिशवीच्या तळाखालून घेतली की ओझे विणीवर न पडता पट्टीवर पडते.

विकण्यासाठी करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. समजा, धाग्याचा खर्च वजा जाता पिशवीमागे २७० रुपये उरतात. नमुना दहा तासांचा असेल तर तासाला २७ रुपये पडले. अठरा तासांचा असेल तर १५ रुपये. गिऱ्हाईक अवघड नमुन्याला जास्त किंमत देणार नसेल, तर तो नमुना आपल्या घरासाठी ठेवावा. आपल्या बायकांच्या वेळेला किंमत आहे, हे प्रथम आपणच मान्य केले पाहिजे.

पुढे आम्ही दोघी जावांनी पुन्हा काम घेतले. या वेळी एकच पिशवी केली आणि महिनाभर स्वतः बाजारात वापरली. ती टिकली, तेव्हाच पुढच्या विणल्या. त्या परत आल्या नाहीत. ती पहिली पिशवी आज मी सोबत आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर मुलींनी ती हातात घ्यावी, ताणून पाहावी आणि तिच्यातील दोषही मला सांगावेत.