पेरणीआधी रान वरून पाहूया

आज आपण ड्रोनबद्दल बोलणार आहोत. पण फवारणीबद्दल नाही, ती आता गावोगाव दिसते. आज बोलायचंय ते पेरणीआधी आपलं रान वरून पाहून घेण्याबद्दल.

हा विषय बचत गटाचा कसा, असं कुणी म्हणेल. तर सांगा, आपल्या गटातून कर्ज सगळ्यात जास्त कधी उचललं जातं? मृगाच्या तोंडावर, बियाण्याखतासाठी. आणि हप्ते कधी थकतात? सोयाबीन कमी झालं की. म्हणजे रानाच्या ज्या कोपऱ्यात बी कुजतं, तिथंच गटाचा पैसाही कुजतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

ड्रोन आपल्याला नवा नाही. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली, आणि गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली. घरांच्या हद्दीला चुन्याच्या रेषा मारलेल्या तुम्हाला आठवत असतील. तोच डोळा आता रानावर फिरवायचा. यासाठी टाकीवाला मोठा ड्रोन लागत नाही. साधा कॅमेरा असलेला छोटा ड्रोन पुरतो. पिकाचा हिरवेपणा मोजणारा महागडा कॅमेरा पीक उभं राहिल्यावर कामाचा. मोकळ्या रानात त्याच्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

वरून दिसतं तरी काय? आम्ही आमच्या गटांमध्ये दोन वेळा रान पाहायचं ठरवलं.

पहिली वेळ उन्हाळ्यात, नांगरटीच्या आधी. तेव्हा सगळं रान वाळलेलं असतं, पण हरळी आणि लव्हाळ्याचे ठिपके हिरवे राहतात. काळी माती कुठं संपते आणि मुरमाड पट्टा कुठं सुरू होतो, ते रंगावरून कळतं. पाणी धरून ठेवणाऱ्या रानात कुठं कुठं पांढरी खपली आलेली दिसते. ती क्षाराची खूण असू शकते. कृष्णा-वारणेच्या काठाला उसाच्या जास्त पाण्यानं किती जमिनी क्षारपड झाल्या, हे आपण ऐकून आहोत. पांढरा ठिपका लहान आहे तोवरच माती तपासून घ्यावी.

दुसरी वेळ वळवाचा मोठा पाऊस पडून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ सगळ्यात मोलाची. पाणी कुठून आलं, कुठं साचलं, बांध कुठं फुटला, ओघळ कुठं पडली, हे सगळं एका फोटोत येतं. सकाळी वारा कमी असतो आणि ऊन तिरपं असतं, म्हणून खोलगटपणा सावलीवरून ओळखता येतो.

आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगते. मालक वारले, दोन एकर रान त्या एकट्या करतात. दरवर्षी खालच्या अंगाला सोयाबीन उगवायचं नाही. भावकी म्हणायची, "तुला पेरणी जमत नाही, रान वाट्यानं देऊन टाक." त्याही गप्प बसायच्या. वळवानंतरचा फोटो गटाच्या बैठकीत सगळ्यांनी पाहिला. वरच्या बाजूचा सामाईक बांध फुटला होता. त्या वाटेनं पाणी येऊन खालच्या आठ गुंठ्यांत थांबत होतं. मग बोलणं ताईंच्या पेरणीवरून बांधावर आलं. दीरांनी दोन दिवस रागानं तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच कुदळ घेऊन आले. बांध घातला गेला, कडेनं चर काढला. त्या आठ गुंठ्यांत त्या वर्षी सोयाबीन घातलं नाही, पाण्याला टिकणारं पॅरा गवत लावलं. म्हशीचा चारा झाला. एकरी ३० किलो बियाणं धरलं तर आठ गुंठ्यांचं सहा किलो बी वाचलं. खत, पेरणी, खुरपणी वाचली ती वेगळीच. रान मात्र त्यांच्याच हातात राहिलं, आणि हे सगळ्यात मोठं.

आता ड्रोनला काय दिसत नाही, तेही ऐका. मातीत नत्र किती, स्फुरद किती, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी माती परीक्षणच करावं लागतं. पण नमुना कुठून घ्यायचा, हे फोटो नीट सांगतो. काळ्या पट्ट्याचा नमुना वेगळा, मुरमाड पट्ट्याचा वेगळा. प्रत्येक पट्ट्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा. वीतभर खोलीपर्यंतची माती काढायची. सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही.

आणि पेरणी कधी करायची, हेही ड्रोन सांगत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला आहे. घरचं सोयाबीन बी असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले तर बी चांगलं.

आता नियमाचं. २५ ऑगस्ट २०२१ पासून देशात ड्रोनचे नियम लागू आहेत. पैसे घेऊन उडवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र आणि ड्रोनची नोंदणी असायला हवी. ती बघायला मागा, लाजू नका. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या आसपास मात्र लागते. रान पाहायला नारळाच्या दोन-तीन झाडांएवढी उंची भरपूर झाली. विजेच्या तारा आणि घारी, दोन्हींपासून जपायचं.

एक नियम आपला, बायांचा. ड्रोन उडवायच्या आदल्या दिवशी वस्तीवर सांगून ठेवायचं. विहिरीवर, ओढ्यावर बाया धुणं धुतात, अंघोळ करतात. तिकडं कॅमेरा फिरवायचा नाही. आणि फोटो कुणाकडं राहणार, हे पैसे देण्याआधी ठरवायचं. आमच्या गटांत फोटो रानाच्या मालकिणीकडं आणि गटाच्या फायलीत राहतात, तिसऱ्याकडं जात नाहीत. सात-बाऱ्यावर नाव नसलं तरी जी राबते ती मालकीण, असं आम्ही धरतो.

खर्चाचं म्हणाल तर एकटीनं बोलावू नका. एका शिवारातल्या दहा-बारा जणींनी मिळून एका सकाळी काम करून घ्या. दर एकरावर की फेरीवर, ते आधीच वहीत लिहून घ्या.

काही गट विचारतात, आपणच ड्रोन घ्यावा का? केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. १५,००० महिला गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. त्यात किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत, आणि निवडलेल्या महिलेला १५ दिवसांचं प्रशिक्षण. ही योजना २०२५-२६ पर्यंतची होती, म्हणून सध्या काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. तो ड्रोन मुख्यतः फवारणीचा आहे, हे लक्षात ठेवा. दहा लाखांचा ड्रोन म्हटलं तर गटाचे दोन लाख जातात. बॅटरी, दुरुस्ती, विमा, ने-आण करायला गाडी, आणि वर्षाला किती एकर काम मिळेल, हे सगळं बैठकीत मांडा. सगळ्यांना पटलं तरच सही करा. कुणाच्या आग्रहाला भुलून करू नका.

ड्रोन मिळाला नाही तरी अडून बसू नका. वळवानंतर सकाळी दोघी-तिघींनी रानातून चालत जा. पाणी उभं असेल तिथं काठ्या रोवा, बांध फुटलाय तिथं चुना टाका, आणि घरी येऊन कागदावर रानाचा नकाशा काढा. वर्षानुवर्षं वाकून खुरपणाऱ्या बाईला रानाची वीत न् वीत ठाऊक असते. फोटोचा फायदा इतकाच, की तिला ठाऊक असलेलं इतरांनाही मान्य करावं लागतं.

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक कागद आणायचा. आपल्या रानात बी कुठं वाया जातं, ती जागा त्यावर दाखवायची. बियाण्याचं कर्ज मंजूर करताना तो कागद समोर ठेवूया. काही विचारायचं असेल तर आपल्या सीआरपी ताईंकडं लिहून द्या, पुढच्या वेळी त्यावर बोलू. येते, राम राम!