कोलारचे सोने गेले, कामगार राहिले



बंगारपेट–मारिकुप्पम हा फाटा आपल्या रेल्वेतील अनेकांना ठाऊक असेल. तो १८९४ साली सुरू झाला, कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. १८८० मध्ये जॉन टेलर यांच्या इंग्रज कंपनीने तेथे पाय रोवला होता. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली, ती खाणीच्या यंत्रांसाठी. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले १९०५ मध्ये!

तमिळ मुलुखातून आलेले दलित कामगार तीन किलोमीटरहून खोल उतरले. कोणी खडक फुटून गाडले गेले, कोणी सिलिकोसिसने खंगले. १९३० मध्ये अंगठ्याच्या ठशांच्या सक्तीविरुद्ध त्यांनी संप केला. सुमारे १२० वर्षांत ८०० टनांच्या आसपास सोने निघाले.

१९५६ मध्ये खाणी सरकारी झाल्या, १९७२ पासून भारत गोल्ड माइन्सकडे आल्या. खोली वाढली, खर्च वाढला, दगडातील सोने घटले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी टाळे लागले. चाळी, पाणी, इस्पितळ सारे कंपनीचेच. खाण थांबली आणि गावाचा श्वासच कोंडला. मागे उरले सायनाइडमिश्रित मातीचे डोंगर. खाणकामगारांची मुले आज पहाटेची गाडी पकडून बंगळूरला मजुरी-नोकरीला जातात.

आपणही सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी माणसे. म्हणून कोठेही काम बंद करण्याची भाषा निघाली, तर नुकसानभरपाईबरोबरच घर, दवाखाना आणि मुलांचा रोजगार हे प्रश्न त्याच बैठकीत, सह्या होण्याआधी, आपण मांडले पाहिजेत.