चीनचा इतिहास आणि आपली नोंद

(नालासोपारा येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसई तालुक्यातील माणसांनी चीनचा इतिहास कशासाठी ऐकावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्या पायाखालच्या भूमीनेच दिलेले आहे. सोपारा हे प्राचीन बंदर. येथील एका उंचवट्यास लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा तो कोट नसून स्तूप आहे असे सिद्ध झाले. आत दगडी पेटी होती, पेटीत बुद्धमूर्ती होत्या, एकात एक ठेवलेले करंडक होते आणि भिक्षापात्राचे तुकडे होते. त्याच साली येथे अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. दुसरा तुकडा १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपुरास दीक्षा दिली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावात मिळाला. स्तूप जागच्या जागी होता, केवळ त्याची ओळख नाहीशी झाली होती.

आपल्याकडे ही ओळख पुसली गेली आणि चीनमध्ये मात्र ती लेखी राहिली. ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू इ. स. ६२९ च्या सुमारास बादशहाची परवानगी नसताना देशाबाहेर पडला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. मधल्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला. येथे त्या वेळी दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा आशयाचे त्याने लिहून ठेविले आहे. शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू होते, हेही त्यानेच नोंदविले. एका डोंगरातील विहाराचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचेच असावे, असे विद्वान मानतात. महाराष्ट्र बौद्ध होता याचा साक्षीदार आपणांस चीनमध्ये सापडतो, हे वकील या नात्याने मला फार मोलाचे वाटते. साक्षीदार परका आहे आणि त्याचा येथे कोणताही स्वार्थ नव्हता.

परंतु चीनमध्ये धम्माचे केवळ कौतुकच झाले, असे कोणी समजू नये. इ. स. पूर्व २२१ मध्ये छिन घराण्याने तो देश एका सत्तेखाली आणला. पुढे हान घराण्याच्या काळात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, धम्म तेथे पोहोचला आणि तेव्हापासून त्याच्यावर एकच आरोप वारंवार होत राहिला. तो आरोप असा की, हा परक्यांचा धर्म आहे. थांग घराण्याच्या काळी, ८१९ साली, हान यू नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने बादशहास अर्ज लिहून बुद्धाच्या अस्थीची पूजा राजवाड्यात होऊ नये असे सांगितले. त्यास दूर दक्षिणेत धाडण्यात आले. पण त्याचा विचार मागे राहिला. ८४५ साली वुत्सुंग या बादशहाने हुकूम काढला. त्या हुकुमातील आकडे असे आहेत : ४,६०० मोठे विहार पाडले, सुमारे ४०,००० लहान देवस्थाने मोडली आणि २,६०,५०० भिक्षू व भिक्षुणींना चीवर उतरवून संसारात लोटले.

आता या हुकुमाचे कारण काय होते? भाषा परक्या धर्माची होती हे खरे, पण हिशेब खजिन्याचा होता. भिक्षू करपात्र नव्हते. विहारांच्या जमिनींचा सारा मिळत नव्हता. म्हणून चीवर उतरविलेल्या प्रत्येकाचे नाव करदात्यांच्या यादीत चढविले गेले. तांब्याच्या मूर्ती व घंटा वितळवून नाणी पाडण्याची आणि लोखंडी मूर्तींची शेतीची अवजारे करण्याची आज्ञा झाली. धर्माविरुद्धचे हुकूम वाचताना त्यातील जमिनीचा आणि पैशाचा भाग प्रथम वाचावा, अशी माझी सवय आहे.

वुत्सुंग दुसऱ्याच वर्षी मरण पावला आणि त्याच्या वारसाने हुकूम सैल केले. तरीही मोडलेले विहार पुष्कळसे परत उभे राहिले नाहीत. मग धम्म कशाने टिकला? याचा एक पुरावा मी आपणांस देतो. तुनह्वांग येथील लेण्यांत एक छापील ग्रंथ मिळाला. तो वज्रच्छेदिका सूत्राची प्रत असून त्यावर ८६८ सालची तारीख आहे. ज्याच्यावर तारीख छापलेली आहे असा जगातील सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ तो हाच. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तो बादशहाने काढला नाही किंवा कोणा महास्थविराने काढला नाही. वांग ज्ये नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना फुकट वाटण्यासाठी तो छापविला, अशी नोंद शेवटी आहे. ८४५ च्या हुकुमानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी! आपल्या घरी लहान मुले आहेत आणि विहारासाठी जागा नाही, अशी तक्रार जे करतात, त्यांनी या वांग ज्येची आठवण ठेवावी.

पुढील घराण्यांचा वृत्तांत मी थोडक्यात सांगतो. मंगोल आले, मांचू आले, दोघेही बाहेरचे. मांचूंनी १६४५ मध्ये पुरुषांनी डोके पुढून भादरून शेंडी ठेवावी असा हुकूम काढला आणि न ऐकणाऱ्यांस मारले. अडीच शतकांनी तीच शेंडी चिनी माणसाची खूण समजली जाऊ लागली, आणि १९१२ साली राजेशाही संपताच ती कापणे ही स्वातंत्र्याची खूण झाली. बाह्य खुणा अशा बदलत असतात. स्वतःस ‘हान’ म्हणविणारे, दक्षिणेत ‘थांग’ म्हणविणारे लोक हजार वर्षांपूर्वीच्या घराण्यांची नावे आजही अंगावर वागवीत आहेत.

अर्वाचीन युद्धांशी आपल्या किनाऱ्याचा संबंध आहे, आणि तो सर्वस्वी अभिमानाचा नाही. १८३९ ते १८४२ चे अफूचे युद्ध ज्या मालासाठी झाले, त्यातील माळव्याची अफू मुंबईहून आणि आपल्या उत्तरेच्या दमणहून चीनला जात असे. दुसरे नाव मात्र मान उंच करणारे आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली, जपानशी युद्ध चालू असताना, वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले व ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे होते. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

१९४९ नंतरच्या चीनविषयी बाबासाहेबांचे मत स्पष्ट होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी विचारले की, माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना निराळ्या रीतीने वागविले नसते काय? पुढे १९५९ मध्ये दलाई लामांना तिबेट सोडावे लागले, आणि १९६६ पासूनच्या दशकात तेथील विहारांची जी नासधूस झाली ती सर्वश्रुत आहे. मात्र दोष दाखविताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. १९६२ च्या युद्धानंतर भारतात जन्मलेल्या व वाढलेल्या हजारो चिनी वंशाच्या माणसांना, बायकामुलांसह, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. गुन्हा शाबीत झालेला नव्हता. चेहरा आणि वंश एवढीच नोंद पुरेशी ठरली.

यावरून मी आपल्या नोंदीकडे येतो. १९५१ च्या जनगणनेत भारतात बौद्ध सुमारे १ लाख ८१ हजार होते; १९६१ मध्ये ते साडेबत्तीस लाखांवर गेले. ही वाढ दीक्षेने झाली, हे खरे. पण प्रगणकासमोर ‘बौद्ध’ हा शब्द उच्चारण्याचे धैर्य लाखो निरक्षर आयाबहिणींनी दाखविले, म्हणून ती कागदावर आली. त्या धैर्याची किंमतही त्यांनी दिली. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्र राज्याने सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या नोकऱ्या व राखीव जागा यांसाठी १९९० च्या दुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. त्या तीस-पस्तीस वर्षांत कित्येक घरांनी दाखल्यावर एक धर्म आणि भिंतीवर दुसरी तसबीर ठेवली. मी त्यांना दोष देत नाही.

आता ते कारण उरलेले नाही. १९९० पासून कायद्याने हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धही अनुसूचित जातीचा मानला जातो. तरीही धर्म बौद्ध सांगितल्यास मुलाचा जातीचा दाखला जाईल, ही भीती मला पक्षकारांकडून वारंवार ऐकावयास मिळते. ती निराधार आहे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरविली असून या गणनेत जातीचीही नोंद करण्याचे सरकारने ठरविले आहे. धर्म आणि जात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धर्म विचारला असता ‘बौद्ध’ असेच सांगावे. जात विचारली असता, ज्यांना दाखल्याचा हक्क आहे त्यांनी आपल्या दाखल्यावर जे नाव आहे तेच सांगावे. ‘नवबौद्ध’ हे जातीचे नाव नव्हे आणि केंद्राच्या अनुसूचीत ते नाही. जात सांगणे हे जात मानणे आहे, असा आक्षेप आपले काही तरुण घेतात. त्यांची तळमळ मला समजते. परंतु ज्या अन्यायाची भरपाई मागावयाची, त्याचे नाव अर्जात लिहावेच लागते.

प्रगणकाने आपले उत्तर कसे लिहिले ते त्याच्याकडून वाचवून घ्यावे. घरात वडील माणूस नसेल तर सुनेने किंवा शाळेतल्या मुलीने उत्तर द्यावयाचे आहे, हे तिला आधीच सांगून ठेवावे.